कुत्र्याला भोवंड येते तेव्हा: पहिल्या तीन दिवसांचा हिशेब

जुलैतली गोष्ट. रात्रभर पाऊस, पहाटे वीज गेलेली. पडवीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला म्हणून बॅटरी घेऊन गेलो, तर आमचा तांबू भिंतीला अंग टेकून उठायची धडपड करत होता आणि दर वेळी डावीकडे कोलमडत होता. वय १३, वजन १८ किलो, जात गावठी. मान तिरकी, तोंडातून लाळ, बाजूला रात्रीची पेज ओकलेली. डोळ्यांवर उजेड धरला तर बुबुळं आडवी भिरभिरत होती, जणू समोरून आगगाडी चाललीय आणि हा तिचे डबे मोजतोय.

शेजारच्या काकू छत्री घेऊन आल्या. "अंगावरनं वारं गेलं रे याच्या." दुसऱ्यांनी सांगितलं, बाहेरचं आहे, नारळ उतरवून टाका. तिसऱ्यांनी आवाज खाली आणून, "आता हाल नको करूस त्याचे, इंजेक्शन देऊन मोकळा कर." सकाळी नऊच्या आत तीन निदानं झाली, तिन्ही फुकट. नारळ आईने उतरवला. ४० रुपये. माझ्या वहीतली पहिली नोंद तीच आहे.

तिसरा सल्ला सर्वांत महाग पडला असता. म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक अशी भोवंड येते तेव्हा पुष्कळदा तो लकवा नसतो. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, ती एका बाजूची एकाएकी बंद पडते. डॉक्टर याला व्हेस्टिब्युलर आजार म्हणतात, आणि कारण सापडलं नाही तर 'म्हातारपणाचा' असं विशेषण जोडतात. बघायला भयंकर, पण पहिले दोन-तीन दिवस सरले की उतार पडायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री चालती-फिरती होतात. मान थोडी तिरकी राहते कधीकधी. म्हणून पहिल्या ७२ तासांत कायमचा निर्णय घेऊ नका. हा नियम पाळायला एक पैसा पडत नाही.

डॉक्टरला फोन करण्याआधी दोन गोष्टी करा. एक, मोबाइलवर डोळ्यांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, दिवसाच्या उजेडात, जवळून. भिरभिर काही तासांनी कमी होऊ शकते. डॉक्टर येईपर्यंत ती दिसेलच असं नाही. दोन, त्याला पोटाखाली हात देऊन उभं करा आणि पुढचा एक पंजा दुमडून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवा. कानाचा दोष असलेला कुत्रा लटपटत का होईना, पंजा लगेच सरळ करतो. पंजा तसाच उलटा राहिला, किंवा बुबुळं आडवी न हलता वर-खाली हलत असली, किंवा कुत्रा हाकेला ओ न देता गुंगीत असला, तर दोष मेंदूकडचा असू शकतो आणि मग हिशेब वेगळा.

त्याआधीही एक अट. कुत्र्याला गेल्या वर्षभरात रेबीजची लस दिली नसेल, त्याचा स्वभाव एकाएकी बदलला असेल, जबडा लोंबत असेल किंवा गिळता येत नसेल, तर पंजा-बिंजा काही करायचं नाही. तोंडाजवळ हात नेऊ नका, त्याला खोलीत बंद करा आणि तसं सांगूनच डॉक्टरला बोलवा. आपल्याकडे लटपटणाऱ्या कुत्र्याकडे बघताना हा विचार पहिला यायला हवा.

कोकणात आणखी दोन गोष्टी डोक्यात ठेवाव्या लागतात. नाग किंवा मण्यार चावली तर कुत्रा लुळा पडतो, पापण्या झुकतात, श्वास जड होतो. डोळे भिरभिरत मात्र नाहीत. आणि कलमांच्या फवारणीचा हंगाम असेल, मोहोर आल्यापासून पुढे, आणि कुत्रा बागेत फिरणारा असेल, तर औषध पोटात गेल्याची शंका घ्या: भरपूर लाळ, अंगाला थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या. या दोन्हींत घरी थांबून बघण्यासारखं काही नसतं. फवारणीच्या बाटलीचं लेबल बरोबर घेऊन निघायचं.

आता पैशांकडे. पुढचे आकडे माझ्या बिलांचे आणि ओळखीच्या घरांचे आहेत. कुत्र्याच्या वजनाप्रमाणे आणि दवाखान्याप्रमाणे ते इकडेतिकडे होतील, पण अंदाज बांधायला पुरतील.

खाजगी डॉक्टरची दवाखान्यातली तपासणी ३०० ते ५००. घरी बोलावलं तर ७०० ते १,०००. मी ८०० दिले. हा खर्च मला सर्वांत योग्य वाटतो, कारण भोवंड आलेल्या कुत्र्याला रिक्षात घालून रत्नागिरीत मारुती मंदिरच्या चौकातून न्यायचं म्हणजे त्याची ओकारी दुप्पट करायची. सरकारी दवाखान्यांत शुल्क नाममात्र असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसर्वचिकित्सालय आहे, तालुक्याच्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. या यंत्रणेचा मुख्य भार गायी-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांचा. कुत्र्याला बघतात, पण ओकारी थांबवणारं चांगलं इंजेक्शन तिथे शिल्लक असेलच असं धरून चालू नका. फोन करून विचारा.

ते इंजेक्शन म्हणजे मॅरोपिटंट. दहा किलोला एक मिलिलिटर या हिशेबाने टोचतात, म्हणजे तांबूला १.८ मिली. मला एका वेळचे ४५० पडले. तीन दिवस दिवसाला एक. पुढचे दोन दिवस दवाखान्यातला मुलगा घरी येऊन टोचून गेला, त्याच्या फेरीचे १५० वेगळे. हे लिहिण्याचं कारण असं की बिलावर नुसतं 'इंजेक्शन' असं असतं. किती मिली दिलं ते विचारा आणि वजनाशी ताडून बघा. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर तीही माहितीच.

ओकारी थांबली की निम्मी लढाई झाली, कारण मग कुत्रा पाणी पितो. १८ किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर पाणी पोटात जायला हवं. आमच्याकडे पहिल्या दिवशी कातडीखालून सलाइन द्यावं लागलं, ५०० रुपये.

रक्ततपासणी, म्हणजे पेशींची मोजणी, किडनी, लिव्हर आणि साखर, १,२०० ते १,८०० च्या दरम्यान. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी ही करावी. गोचीड तापाची शंका असेल तर त्याच रक्तातून काचपट्टीवर बघून घेता येतं. भोवंडीमागे थायरॉइड आहे का हे बघायची तपासणी मात्र पहिल्या दिवशी करू नका. कोणत्याही आजारपणात कुत्र्याच्या थायरॉइडचा आकडा खाली येतो, त्यामुळे भोवंडीच्या दिवशी कमी आलेल्या टी-फोरवरून काही सिद्ध होत नाही. तीन आठवडे थांबून, गरज वाटलीच तर करा. आणि ती माणसांच्या लॅबमध्ये नको. माणसाच्या टीएसएचचं किट कुत्र्याचा टीएसएच नीट ओळखत नाही. नमुना प्राण्यांच्या लॅबला, मुंबई-पुण्याला जायला हवा. घाईत केलेल्या या तपासणीचे हजारेक रुपये वाचवले तर तेवढ्यात जमिनीवरच्या चटया येतात.

थायरॉइड खरोखरच कमी निघालं तर औषध महाग नाही, पण एक गंमत आहे. कुत्र्याचा डोस माणसापेक्षा खूप मोठा असतो: किलोला साधारण २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्या १०० च्या आठ गोळ्या. १२० गोळ्यांची बाटली पंधरा दिवसांत संपते. गोळी दीड-दोन रुपयांची धरली तर महिन्याला ३६० ते ४८०, आणि हे जन्मभर. औषधांच्या दुकानातला माणूस चिठ्ठी बघून दचकतो आणि 'डोस चुकलाय' म्हणून कमी करून देतो. त्याचं ऐकू नका. डॉक्टरला फोन लावून द्या.

कान. इथे थोडं थांबतो, कारण रत्नागिरीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. चार महिने हवा ओली, कुत्र्याचे कान ओले, आत बुरशी. कुत्रा डोकं झटकतो, आपण दुर्लक्ष करतो. मग कुणीतरी लसूण टाकून कोमट केलेलं खोबरेल तेल कानात ओततं. पडदा शाबूत असला तर नुसता चिकटा होतो. पडदा फाटलेला असला तर तेल, आणि त्याहून वाईट म्हणजे घरात पडलेले जेंटामायसिनचे थेंब, सरळ आत जातात आणि जी यंत्रणा वाचवायची तीच बिघडवतात. म्हणून डॉक्टरने आत बघितल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही, अगदी कान धुवायचं औषधसुद्धा. आत बघणं आणि मळाची काचपट्टी मिळून मला ३०० पडले. कान दुखरा असेल तर गुंगी द्यावी लागते, त्याचे वेगळे.

मधल्या किंवा आतल्या कानात संसर्ग निघाला तर अँटिबायोटिक सहा-आठ आठवडे चालतं. गोळ्यांचे २,००० ते ३,५०० धरा. पंधरा दिवसांनी कुत्रा बरा दिसतो म्हणून कोर्स अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ. पुढच्या पावसात ते सगळं पुन्हा भरतात.

काय देऊ नये, तेही पैशांचंच बोलणं आहे. एका दवाखान्यात, नाव नको, तांबूला न बघता फोनवरच 'ताकदीची पाच इंजेक्शनं आणि एक स्टिरॉइड' असा बेत सांगितला होता. म्हातारपणाच्या भोवंडीत स्टिरॉइडने काही साधत नाही. कुत्र्याला सांधेदुखीची गोळी चालू असेल तर त्यावर स्टिरॉइड म्हणजे पोटात व्रण होऊन रक्तस्राव व्हायची भीती. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरला दाखवा. व्हिटॅमिनची इंजेक्शनं अपाय करणार नाहीत, बिल मात्र करतील. आणि आजीच्या डब्यातली चक्करेची गोळी तिच्या डब्यातच राहू द्या. माणसांच्या काही मेक्लिझिनच्या गोळ्यांत इतर घटक मिसळलेले असतात, त्यांत कॅफिनही असू शकतं, आणि ते कुत्र्याला विष.

खरा खर्च घरातला, आणि तो पैशांपेक्षा अंगाने करायचा. आमची लादी गुळगुळीत. तीवर तांबू बर्फावर ठेवल्यासारखा घसरायचा. बाजारातून काथ्याची पाच मोठी पायपुसणी आणली, २५० ला एक. ती पडवीपासून अंगणाच्या दारापर्यंत ओळीने टाकली. काथ्यावर नखं रुततात. झोपायला काथ्या नको, कोपर सोलवटतं. तिथे खाली प्लास्टिक, वर जुनी गोधडी, त्यावर औषधांच्या दुकानात मिळणारे अंडरपॅड, दहाचं पाकीट २८०. पावसात गोधडी वाळत नाही, म्हणून दोन हव्यात. नखं कापून घेतली, १५०. सुई काढलेली १० मिलीची सिरिंज, १० रुपये. पाणी गालाच्या कडेने हळूहळू सोडायला, डोकं वर न करता.

तोल गेलेला प्राणी डोळ्यांच्या आधाराने तोल सावरतो. काळोखात त्याला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. म्हणून रात्री एक झिरोचा दिवा चालू ठेवा. वीज जाणारच, तेव्हा चार्जिंगचा दिवा ठेवा. उचलून फिरवू नका. लहान मुलासारखं कडेवर घेतलं की बिचारा हवेत वेड्यासारखे पाय मारतो. पाय जमिनीला लागलेले हवेत. आम्ही आईचं जुनं लुगडं चौघडी करून पोटाखालून घेतलं, दोन्ही टोकं वर धरली, आणि शी-शूला तसंच नेलं. पेट शॉपवाले यासाठी पट्टा विकतात, १,२०० चा. लुगडं धुता येतं.

खाणं पहिले दोन दिवस हातानेच. मऊ भात, पेज, कांदा-लसूण न घातलेलं चिकनचं पाणी, काटे काढलेली मासळी. ताट थोडं उंचावर, घडवंचीच्या खालच्या फळीवर ठेवलं की डोकं खाली घालावं लागत नाही. तांबू पहिल्या दिवशी भाताच्या घासाकडे तोंड नेई आणि घास एका बाजूला, तोंड दुसऱ्या बाजूला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने नेम साधला, आणि घासाबरोबर माझं बोटही.

झोपून असेल तर तीन-चार तासांनी कूस बदला. जिना, गडगा, विहीर या बाजू बंद करा. कठडा नसलेल्या विहिरीवर तात्पुरत्या फळ्या टाका. आणि रात्री अंगणात बांधू नका. धडपणी पळता न येणारा कुत्रा बिबट्याला आयता सापडतो, आणि आपल्या जिल्ह्यात बिबटे घराच्या पायरीपर्यंत येतात हे वेगळं सांगायला नको.

आता तो दुसरा, मोठा हिशेब. ७२ तासांनंतर उतार नसेल, उलट वाढत असेल, झटके येत असतील किंवा वर सांगितलेली मेंदूकडची लक्षणं असतील तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, त्याचंच मत्स्य महाविद्यालय आपल्या शिरगावात आहे. म्हणजे माशांसाठी कॉलेज आहे, कुत्र्यांसाठी नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठायचं तर घाट चढून सातारा जिल्ह्यातलं शिरवळ, किंवा मुंबईत परळ. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या आवारातलं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे. महाविद्यालयांतली तपासणी स्वस्त, रांग मोठी.

महाग असतो तो रस्ता. शिरवळ अडीचशे किलोमीटरच्या आसपास. गाडी किलोमीटरला १४ रुपयांनी धरली तर जाऊन-येऊन सात हजार. मुंबईला साडेनऊ-दहा हजार, आणि महामार्गावरचे खड्डे त्यात धरलेले नाहीत. आंबा घाटाच्या वळणांवर भोवंड आलेल्या कुत्र्याचं काय होतं ते एकदा डोळ्यांपुढे आणा. निघण्याआधी डॉक्टरकडून ओकारीचं औषध देऊन घ्या. कोकण रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे आपल्या नावावर हवा, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्याजवळच्या पेटीत. आजारी म्हाताऱ्याला त्या पेटीत घालू नये, असं माझं मत.

सीटी किंवा एमआरआयला भूल द्यावी लागते. भुलेसकट एमआरआयचे १५,००० ते २५,००० धरा. आधी फोन करून मशीन चालू आहे का, तारीख कधीची, आणि भुलेआधीच्या तपासण्या दरात आहेत का, हे तिन्ही विचारा. त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: आत गाठ निघाली तर मी ऑपरेशन करणार आहे का? १३ वर्षांच्या कुत्र्याच्या बाबतीत पुष्कळांचं खरं उत्तर 'नाही' असतं. मग तो फोटो काढून काय मिळवायचं? लांज्याच्या एका ओळखीच्या घरात अकरा वर्षांच्या कुत्रीची बुबुळं वर-खाली हलत होती. त्यांनी मुंबई टाळली, तेच पैसे घरी येणाऱ्या डॉक्टरवर आणि औषधांवर घातले. दोन महिने ती त्यांच्या ओटीवर होती. मला तो निर्णय चुकलेला वाटत नाही. कुत्रा सात-आठ वर्षांचा असता तर मी वेगळं बोललो असतो.

विम्याचं थोडक्यात: कुत्र्यांचे विमे मिळतात, पण बहुतेकांना प्रवेशवयाची मर्यादा असते. भोवंड आल्यावर विम्याची चौकशी करणं म्हणजे पूर आल्यावर पुलाचं टेंडर.

तांबूचा एकूण खर्च झाला ६,७८०. त्यात औषधोपचार ५,०५० (घरभेट, तीन इंजेक्शनं, सलाइन, रक्त, कान, आणि आठवड्याने दवाखान्यात एक फेरी), घरची तयारी १,६९०, नारळ ४०. सोळाव्या दिवशी तो एकटा अंगणात जाऊन आला. पुन्हा असा झटका येऊ शकतो, म्हणून कपाटात एक डबा केला आहे: सिरिंज, अंडरपॅड, चार्जिंगचा दिवा, आणि त्याचं वजन व पूर्वीच्या औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी. वजन दर तीन महिन्यांनी नव्याने लिहितो.

मान अजून डावीकडे कललेली आहे. पाणी पिताना निम्मं वाटीबाहेर जातं. चालतानाही तो डावीकडेच झुकतो, त्यामुळे काथ्याच्या पायपुसण्यांची डावी कडच तेवढी झिजली. गणपतीआधी त्यातली दोन बदलली. ५०० रुपये, वहीत वेगळे मांडले.